रामटेके बाईंचं अक्षर

वांगी निवडायला वाकल्या आणि पर्समधला फोन दोनदा थरथरला. झालं ते एवढंच. वडशाचा रविवारचा बाजार नेहमीसारखा ओसंडत होता, नाटकवाल्यांच्या गाड्यांवरचे भोंगे आपापल्या नाटकाचं नाव दुसऱ्याच्या वरताण ओरडत होते, भाजीवाली म्हणत होती, "घ्या ना जी मॅडम, कवळे आहेत," आणि वच्छलाबाई रामटेके एका हातात वांगं धरून दुसऱ्या हातातल्या फोनवरच्या चार ओळी वाचत होत्या. आश्रमशाळेचे प्राचार्य दोनाडकर सर यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं होतं: 'उद्या सोमवारी मधल्या सुट्टीनंतर सर्व शिक्षकांनी नववीच्या वर्गात बाकांवर बसावे. श्रुतलेखन घेण्यात येईल. प्रत्येकाने स्वतःचा पेन आणावा. कागद शाळेकडून मिळेल.' बाईंनी शेवटची ओळ परत वाचली. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला कागद कोण देणार? कागद मास्तर देतो, मास्तरच गोळा करतो. ग्रुपवर तोवर एकेकाचे जोडलेले हात उमटायला लागले होते. नानाजी सरांचे हात, दीपिका मॅडमचे हात, धम्मदीपचे हात, दहा मिनिटांत नऊ जणांचे हात जोडून झाले. बाईंनीही वांगं खाली ठेवून आपले दोन हात जोडून पाठवले. मग भाजीवालीला किती दिले, किती परत घेतले, काही कळलं नाही, आणि पिशवीत वांग्यांऐवजी पाव किलो मिरच्या घेऊन त्या घरी आल्या.

श्रुतलेखन कशासाठी, हे त्यांना बाजारातच कळलं होतं. कळायला काय, स्वतःचं पाप माणसाला सगळ्यात आधी ओळखू येतं. पण ते पाप होतं का? तिथेच तर सगळा घोळ होता. दोन महिन्यांपूर्वी पाहणी करायला वरून पथक आलं. वसतिगृहाची हजेरी पूर्ण दिसली पाहिजे, असं सरांनी आदल्या दिवशीच सांगितलेलं. सातवीतली खुशबू तीन दिवस तापाने फणफणत होती. तिला दवाखान्यात न्यायला गाडी मागायला दीपिका मॅडम गेल्या तर सर म्हणाले, "पथक जाऊ द्या, मग नेऊ." आणि पोरीला स्वेटर घालून पहिल्या बाकावर बसवलं. बाईंचाच तास होता. पोरगी फळ्याकडे बघत होती, पण फळा तिला दिसत नव्हता हे बाईंना दिसत होतं. पथकातले एक साहेब हसून म्हणालेही, "किती शांत मुलगी आहे." बाई हसल्या. हो, हसल्या. पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली न पडली तोच पोरगी बाकावरून खाली आली. मेंदूला चढलेला हिवताप. अकरा दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. जगली बिचारी. पण परत काही आली नाही. इतवारी नावाचा तिचा बाप तिची पत्र्याची पेटी न्यायला आला, तेव्हा त्याने कुणाला शिवी दिली नाही, काही विचारलं नाही, पेटी डोक्यावर घेतली आणि ज्या वाटेने आला त्या वाटेने गेला. बाईंना वाटलं, एखादी शिवी तरी द्यायची होती बाप्पा.

म्हणून मग सरांविरुद्ध अर्ज. नानाजी सर सगळ्यांत ज्येष्ठ, त्यांच्या वडशातल्या घरी दहा जण जमले. अकरावा धम्मदीप, त्याला मुद्दाम कळवलं नाही. शिक्षणसेवक म्हणून त्याची तीन वर्षं पुढल्या महिन्यात भरत होती, कायम होण्याचा कागद सरांच्या सहीने जायचा होता, तेव्हा पोराला यात नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तसंच आणखी एका गोष्टीवर झालं. नाव कोणी टाकायचं नाही. टायपिंगवाल्याकडे द्यावा तर वडसा केवढंसं गाव, संध्याकाळपर्यंत चौकात बोभाटा. फोनवर लिहावा तर, नानाजी म्हणाले, "फोनातून कुठी कुठी जाते, त्याचा पत्ता लागत नाई." मग हातानेच लिहू. आणि इथे मास्तरांची जात नडली. एकजण म्हणाला, अर्ज साहेबापुढे जाणार, अक्षर चांगलं पाहिजे. दुसरा म्हणाला, मग रामटेके बाईच लिहतीन, अजून कोण? दहा शिकलेली माणसं, दहाही जणांनी मान डोलावली. डाव्या बाजूला समास सोडला गेला, 'विषय' खाली रेघ मारली गेली, काना-मात्रा तपासून झाल्या. जे अक्षर वीस वर्षं शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहीत होतं, दाखल्यांवर होतं, प्रमाणपत्रांवर होतं, त्याच अक्षरात निनावी अर्ज तयार झाला. आणि तो वाचून दाखवल्यावर दीपिका मॅडम म्हणाल्या, "माय वं, कित्ती सुंदर!" बाई लाजल्यासुद्धा. अर्ज वर गेला, आणि वरून, सरकारी रीतच आहे ती, ज्याच्याविरुद्ध होता त्याच्याकडेच 'अभिप्रायासाठी' खाली आला.

दोनाडकर सर कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाचा थकवा तरी दिसतो. सर शिपायाकरवी बोलावून घेत. आपण जाऊन टेबलासमोर उभं राहायचं. ते संत्रं सोलत असायचे, किंवा चष्मा पुसत असायचे. एकेक फोड, तिची शीर काढून, बी काढून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग वर बघून म्हणायचे, "काही नाही बाई, सहज बोलावलं. या." एवढंच. आणि मग आठवडाभर माणूस शोधत बसायचा की आपण काय केलं. काही ना काही केलेलं सापडतंच. बाईंना एकदा सापडलं होतं की खडूच्या डब्यातले तीन रंगीत खडू त्यांनी नातवासाठी घरी नेले होते, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सहा आणून ठेवले. सरांना खडूंचं काही माहीत असण्याची सुतराम शक्यता नव्हती. पण सरांना काही करावं लागतच नव्हतं, सगळं आपलं आपणच करायचो.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. खुशालराव रेल्वेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर रुळांवरून चालून आता खुर्चीत बसायला शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग वाकडं लिहिजो ना. त्यात का आहे?"

"सर वळखतेत माझं अक्षर. वीस वर्षांपासून पाहून राह्यले."

"वळखू दे. वळखल्यानं का होते? कागदावर तं दुसरंच राहीन. तुये दोन वर्षं राह्यले वच्छला. दोन वर्षांसाठी चौतीस वर्षं पाण्यात घालतं का?"

बोलणं बरोबर होतं. नवऱ्याचं बोलणं नेहमी बरोबरच असे, म्हणूनच कधी कधी ते नकोसं वाटे. दिवेलागण झाल्यावर बाई जुनी वही घेऊन वाकडं लिहायला बसल्या. आणि काय सांगावं, जमेना. 'क' काढला तर तो गोल येई. मुद्दाम चपटा केला तर पुढचा 'म' आपोआप सरळ उभा राही, जणू शेजाऱ्याची लाज झाकायला. पोरांच्या बोटांत पेन्सिल धरून हजारो वेळा गिरवून घेतलेलं ते अक्षर आता त्यांचंच ऐकत नव्हतं. तळोधीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या गावात, बाईंकडे लहानपणी दुसरं होतं काय? ना रंग, ना रूप, ना चप्पल. अक्षर होतं. गावातली माणसं कुठे अर्ज करायचा तर बापाला म्हणत, "देवराव, तुया पोरीले पाठव." मोहाच्या झाडाखाली घोंगडीवर बसून सात-आठ वर्षांची वच्छी तलाठ्याला अर्ज लिही, आणि मोठी माणसं उकिडवी बसून त्या अक्षराकडे बघत राहत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. आज त्याच अक्षराला लुळं करायचं काम होतं. दहाव्या पानावर ते जमलं. 'र'ची शेपटी तुटली, वेलांट्या ढिल्या पडल्या, ओळ उताराला लागली. मग त्यांनी आणखी दोन पानं लिहिली, हात बसावा म्हणून.

लिहिता लिहिता बाप डोळ्यांपुढे येत राहिला. का कोण जाणे. त्या नऊ वर्षांच्या असतील. घराच्या चौकटीसाठी बापाने सागाचं एक झाड तोडलं होतं, आणि पंधरा दिवसांनी जंगलाचा गार्ड दोन माणसं घेऊन गावात आला. सगळ्यांना पिंपळाच्या पारापाशी उभं केलं. कोणी तोडलं? कोणी बोलेना. सगळ्या गावाला ठाऊक, चौकट बाईंच्या घराला बसलेली, वर चुना फासलेला. गार्डने मग लच्छूला बाजूला काढलं. लच्छू एकटा राहायचा, त्याला ना बायको ना भाऊ, रानातून डिंक आणून विकायचा, कुऱ्हाड कायम खांद्यावर. गार्ड म्हणाला, हाच. लच्छू म्हणाला, "म्या नाई जी." आणि त्याने कुणाकडे बघितलं असेल तर बापाकडे. एकदाच. बाप पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. लच्छूला घेऊन गेले. त्या दुपारी बाप जेवायला बसला आणि त्याने दोनदा भात मागून घेतला. दोनदा. एरवी एका वाढपात उठणारा माणूस. माय वाढत राहिली. वच्छीला त्या दिवशी बापाचा जो राग आला तो बाप मरेपर्यंत पूर्ण गेला नाही, आणि इतक्या वर्षांत तिने स्वतःला हजारदा सांगितलं होतं की आपण तशा नाही. आपण शिकलो, दीक्षा घेतलेल्या घरातल्या आपण, आपण बोललो असतो.

सोमवारी सकाळी ठरलेल्या गाडीत सगळे बसले. एरवी या गाडीत पोराटोरांची लग्नं, नाटकाची तिकिटं, गुडघेदुखी, सगळं चालायचं. आज खिडक्यांना भाव आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापलेली रानं, मग साग, मग नुसतं जंगल. वनखात्याची पाटी मागे गेली: वाघाचा वावर आहे, सावध राहा. त्या पाटीकडे बघून कधीकाळी भीती वाटायची, याचं बाईंना हसू आलं. वाघ निदान कागद देऊन पेन आणायला सांगत नाही. नानाजी सर पुढून मागे वळून हळूच म्हणाले, "बाई, जरा... ते आपलं, वाकडंतिकडं येऊ द्याल." सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही. दीपिका मॅडमने बाईंचा हात दाबला. तिचा हात ओला होता. बाईंना वाटलं, ही आपली काळजी करते आहे की स्वतःची, आणि वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली. भीतीचं हेच वाईट. ती आधी शेजारच्या माणसाला परका करते.

मधल्या सुट्टीनंतर नववीच्या पोरांना मैदानावर हाकललं आणि अकरा मास्तर बाकांवर बसले. बाक लहान, गुडघे वर आले. पोरं खिडक्यांना लटकून खिदळत होती, "सर, कॉपी नका करजा!" असं एकाने म्हटलंही, आणि नानाजी सर, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. धम्मदीप शेवटी आला. शाळेच्याच गावचा पोरगा, पायी यायचा. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर हसू, कारण त्याला खरंच वाटत होतं की हा काही तरी प्रशिक्षणाचा प्रकार आहे. बाईंच्या पुढल्या बाकावर, जरा उजवीकडे, तो बसला. बसण्याआधी वाकून म्हणाला, "जय भीम मॅडम. मले तं लहानपणासारखं वाटून राह्यलं." बाईंनी मान हलवली.

सर आले. हातात चौथीचं पाठ्यपुस्तक आणि एक बंद लिफाफा. शिपायाने कागद वाटले. सर गोड आवाजात म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही. मुलांचं अक्षर बिघडत चाललं आहे, अशी पालकांची तक्रार आहे. म्हटलं आधी आपलं बघू." मग ते बाकांच्या रांगांमधून फिरत पाठातला उतारा सांगू लागले. नदी, झाडं, पाखरं. अकरा पेनांचा खर् खर् आवाज. बाईंनी लिहायला सुरुवात केली आणि आश्चर्य, रात्रीची मेहनत फळाला आली. तुटक्या शेपट्या, ढिल्या वेलांट्या, उतरती ओळ, सगळं मागितल्याबरोबर हजर. तिसऱ्या ओळीला हुशारी आली. एखादं अक्षर खोडून वर गिरवावं, म्हणजे अजून खरं वाटेल. मग सर थांबले. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. लिफाफ्यातून कागद काढल्याचा आवाज आला. "आता शेवटचं वाक्य," सर म्हणाले. "लिहा. आम्ही या अर्जावर नाव लिहीत नाही. पूर्णविराम. कारण आम्हाला भीती वाटते. पूर्णविराम." कोणी वर बघितलं नाही. दहा माणसांनी, ज्यांनी हे वाक्य जमून, वाद घालून, 'भीती' ठेवायचं की 'दडपण' असा काथ्याकूट करून ठरवलं होतं, त्यांनी ते विद्यार्थ्यांसारखं उतरवून घेतलं.

आणि तेव्हा बाईंची नजर पुढल्या बाकावरच्या कागदावर गेली. धम्मदीप मन लावून लिहीत होता. डाव्या बाजूला समास. गोल, मोकळा 'क'. सरळ उभा 'म'. वेलांटीचं टोक जरासं आत वळवलेलं, जसं बाई वळवत, कारण बाईंच्या मायला ते तसं बघायला आवडायचं. त्या कागदावर बाईंचं अक्षर होतं. नक्कल नव्हे, तेच. पहिलीचा वर्ग, शेणाने सारवलेली जमीन, वीस-एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हा पोरगा सगळ्यांत शेवटी बसायचा, पाटीवर नुसत्या रेघोट्या ओढायचा, आणि बाई त्याच्या मागे बसून, त्याची इवलीशी मूठ आपल्या मुठीत घेऊन तास न् तास गिरवून घ्यायच्या. "असं. असं. सोड आता." सोडलं की हात वाकडा जाई, की परत धरायच्या. त्याची माय बायनाबाई शाळेत भांडी घासायची, ती दारातून बघत उभी राहायची. किती पोरांचे हात धरले, बहुतेकांचं अक्षर पुढे त्यांचं त्यांचं झालं. याचं झालं नाही. याने जसं दिलं तसं ठेवलं. हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही, मागे एकदा त्याची टिपणवही बघून त्या मनात फुगल्याही होत्या. पण काल बाजारापासून आतापर्यंत, या सगळ्या भीतीत, त्यांना त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. फक्त स्वतःची झाली होती.

कागद गोळा झाले. सर टेबलापाशी बसून एकेक कागद अर्जाशेजारी ठेवत, बघत, बाजूला सारत. घाई नाही. बाईंचा कागद आला, त्यावर ते जरा जास्त वेळ थांबले. वर बघून हसले. "बाई, तुमचं अक्षर फारच बिघडलं." मग तोही बाजूला. नवव्या का दहाव्या कागदाला ते थांबले, आणि चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "खोब्रागडे, इकडे या."

धम्मदीप गेला. सरांनी दोन्ही कागद त्याच्यापुढे केले. तो बघत राहिला. बाईंना मागून त्याची फक्त मान दिसत होती, शर्टाची इस्त्रीची कॉलर आणि मान.

"हे अक्षर कोणाचं?"

"हे माझं हाय सर."

"आणि हे?"

अर्ज त्याने आज पहिल्यांदा पाहिला होता, पण अक्षर काही पहिल्यांदा पाहत नव्हता. तो वळला नाही. वळला असता तर सगळं संपलं असतं, हे त्यालाही कळलं असावं. "मले नाई माहीत सर," तो म्हणाला. "म्या नाई लिहिलं."

"पुढल्या महिन्यात तीन वर्षं होतात ना तुमची?" सर म्हणाले. आवाजात कळवळाच होता. "वाईट वाटतं. मी प्रस्ताव तयारही ठेवला होता. आता असमाधानकारक सेवा लिहावं लागेल. तेवढं पुरतं. चौकशीबिवकशीची गरज पडत नाही."

तेव्हा बाईंना सगळं स्वच्छ दिसलं. सरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दर्शनी फळा रोज वाचणारा माणूस तो. पण कायम असलेल्या बाईला हात लावायचा तर चौकशी बसते, चौकशी बसली की खुशबूचा ताप बाहेर येतो, पहिला बाक बाहेर येतो. धम्मदीपला काढायला एक ओळ लागते. आणि ती ओळ लिहायचं बळ बाईंनीच आपल्या वाकड्या कागदाने सरांच्या हाती दिलं होतं. ऊठ, असं त्या स्वतःला म्हणाल्या. ऊठ वच्छला. गुडघे बाकाखाली अडकले होते. नानाजी सर पेनचं टोपण काढत होते, घालत होते. दीपिका मॅडम पदराच्या टोकाकडे बघत होती. दहा माणसं, आणि कुणाच्या तरी पायाचा अंगठा चपलेत हलत असणार. बाईंनी दोन्ही हात बाकावर टेकले आणि उठल्या. आपण खरंच उठलो, हे त्यांना उठल्यावर कळलं.

"सर, तो अर्ज म्या लिहिला," त्या म्हणाल्या. "पोराले काहीच माहीत नाई. त्याचा हात म्या वळवला हाय, पहिलीत. म्हणून सारखं दिसून राह्यलं."

सरांनी वर बघितलं, जसं टेबलासमोर उभं केल्यावर शेवटी बघत. "बसा बाई. तुमचं मन मोठं आहे. विद्यार्थ्यावर माया आहे, मी समजू शकतो. पण कागद काय सांगतो?" आणि त्यांनी बाईंचा तो उतरत्या ओळींचा कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

"ते म्या मुद्दाम वाकडं लिहिलं. जुने रजिस्टर काढा. दाखले पाहा."

"ते जुने झाले. वयाने अक्षर बदलतं."

"नानाजी सर, तुमी सांगा," बाई म्हणाल्या. नानाजी सरांच्या हातातलं टोपण खाली पडलं, आणि ते शोधायला ते बाकाखाली वाकले. बराच वेळ वर आले नाहीत.

सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला, आणि स्वतःचा पेन. "मग आत्ता लिहून दाखवा. तेच वाक्य. जुळलं तर मी धम्मदीपचा प्रस्ताव आजच्या आज पाठवतो. सगळ्यांसमोर शब्द देतो."

धम्मदीप आपणहून पहिल्यांदा बोलला. "राहू द्या मॅडम," तो हळू म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही. त्या टेबलाशी वाकल्या, पेन घेतला. सोपं होतं. जगात त्यांना सगळ्यांत सोपं जे होतं तेच करायचं होतं. त्यांनी 'आ' काढला आणि काना थरथरत खाली गेला. परत धरला पेन, घट्ट. 'म्ही' काढला. वेलांटी निसटली. हात थरथरत होता, मनगटापासून नाही, खांद्यापासून, आणि जितका दाबावा तितका जास्त. सरांचा श्वास त्यांना जवळून ऐकू येत होता. आता दोन वर्षं गेली, पेन्शन गेली, नाव पेपरात येईल, खुशालराव काय म्हणतील, हे सगळं त्या प्रत्येक अक्षरात उतरत होतं. थांब, सावकाश, त्या हाताला म्हणाल्या, जसं पहिलीच्या पोरांना म्हणत. हात ऐकेना. 'कारण' तुटला. ओळ उताराला लागली. 'भीती' लिहिताना त्यांना दिसत होतं की हे रात्रीच्या वहीतलंच अक्षर आहे, तेच, आणि आता ते मुद्दाम नव्हतं. त्यांनी पूर्णविराम दिला. खालच्या ओळीवर परत सुरू केलं. ते आणखी वाकडं आलं.

सरांनी कागद हलकेच ओढून घेतला. पहिला वाकडा कागद आणि हा, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले. बोटाने एक ओळ, दुसरी ओळ तपासली, एखाद्या प्रामाणिक परीक्षकासारखी.

"जुळलं," ते म्हणाले. "हे दोन्ही तुमचेच, बाई. अर्ज तुमचा नाही. जा, बसा जागेवर."

धम्मदीप उभा होता तिथेच उभा होता, आणि बाईंकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर बाईंनी तो पदरात घेतला असता. त्यांना आणखी एक कागद मागायचा होता, ओरडायचं होतं. पण त्या वळल्या, बाकापाशी आल्या, बसल्या. बसताना अंगातून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं, श्वास पूर्ण आत गेला, कालपासून पहिल्यांदाच. हातांची थरथर थांबली. आपण सुटलो, असं त्यांना वाटलं. आणि असं वाटल्याचं कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर दाबून धरला, पण पोटात भूक लागली होती, चांगली कडकडून, आणि ती काही केल्या थांबेना.